लाखोळीने पाय जातात का?

डाळ भरडताना दाण्याचे दोन भाग होतात. म्हणून पुस्तकात त्याला द्विदल म्हणतात. बी रुजताना त्या दोन दलांतल्या अन्नावरच कोवळा अंकुर वाढतो, आणि आपलं वरणही त्याच दलांचं. आज यातल्या लाखोळीबद्दल बोलते. आमच्या बैठकीत तिच्यावरून दोनदा भांडण झालं, म्हणून जुनी माहिती शोधली.

स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातली हकीकत लिहून ठेवली आहे. 1829 साली तिथला गहू गारपिटीने गेला. 1830 ला पावसाने दगा दिला. 1831 ला रोग पडला. गव्हाच्या शेतात आपोआप उगवलेली लाखोळी मात्र तिन्ही वर्षं तरारून आली. ती अशीच चिवट, पाणी कमी असो की जास्त. लोकांनी तीच खाल्ली, दुसरं होतंच काय? 1833 पासून तिशीच्या आतली पोरं-पोरी कमरेखाली लुळी पडू लागली. एका गावातली जवळजवळ निम्मी तरुण मंडळी दोन वर्षांत अशी झाली. गेलेले पाय परत आले नाहीत.

पुढे रीवा भागात जमीनदार वेठबिगारांना मजुरीत लाखोळी देत. मालकाच्या घरी गहू आणि गड्याच्या घरी ही. मला तर इथे डाळीपेक्षा मालकाचाच दोष मोठा वाटतो.

1961 साली विक्रीवर बंदी आली. पेरणी थांबली नाही. आमच्याकडे धान कापण्याआधीच ओल्या बांधीत ती फेकतात, ना नांगर ना खर्च. 1964 साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातलं विष वेगळं करून दाखवलं. पुढे कमी विषाचे वाणही निघाले.

म्हणजे भांडणात दोघीही खऱ्या. कधीमधी भात-भाकरीसोबत थोडी खाल्ली तर सहसा बाधत नाही. दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय जातात. भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर विष बरंच कमी होतं, सगळं जात नाही. तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ करतात. गटासाठी डाळ घेताना मूठभर ताटात पसरून बघा. लाखोळीचा दाणा कोनदार, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा दिसतो.