'रॉक मशीन' ते 'इंडस क्रीड' : एका नावाचा प्रवास

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या महाविद्यालयांत शिकलेल्या पिढीसमोर 'रॉक मशीन' हे नाव उच्चारले, की धोबीतलावचे रंगभवन, खांद्यावर रुळणारे केस आणि गिटारचा कल्लोळ डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यानंतरच्या पिढीला मात्र हाच वाद्यवृंद 'इंडस क्रीड' या नावाने ठाऊक आहे. वादक बव्हंशी तेच, शहरही तेच. मग नाव का बदलले असावे? या प्रश्नाचा मागोवा घेताना भारतात इंग्रजीतून गाणाऱ्या कलावंतांपुढचा एक जुनाच पेच समोर येतो.

'रॉक मशीन'ची स्थापना १९८४ साली मुंबईत झाली. पाश्चात्त्य धाटणीचे संगीत या शहराला नवे नव्हते. साठ आणि सत्तरच्या दशकांत 'द सॅव्हेजेस', 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' अशा वाद्यवृंदांनी येथे श्रोतृवर्ग घडवला होता. तथापि, परदेशी गाजलेली गाणी हुबेहूब वाजवून दाखवणे, हीच अशा मंडळींकडून मुख्य अपेक्षा असे. 'रॉक मशीन'नेही प्रारंभी तेच केले. पुढे मात्र त्यांनी स्वतःची गाणी रचण्याचा मार्ग धरला. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे संग्रह बाजारात आले. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेस गिटारवर मार्क सेल्विन, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया आणि ड्रमवर मार्क मेनेझिस. या सहा आडनावांतच अवघी मुंबई सामावली होती.

वाद्यवृंदांच्या नावांच्या बाबतीत ते दशक मोठे हौशी होते. ब्रिटनमधील 'डुरान डुरान'ने आपले नाव 'बार्बरेला' या १९६८ च्या चित्रपटातील एका पात्रावरून घेतले. 'थॉम्पसन ट्विन्स'ने ते 'टिनटिन'च्या चित्रकथांमधील दोन गुप्तहेरांवरून उचलले. 'रॉक मशीन' या नावाला अशा कथेची गरजच नव्हती. आपण काय वाजवतो, हे ते थेट सांगत होते. आपण कुठले, हे मात्र सांगत नव्हते. रंगभवनात त्याची आवश्यकताही नव्हती, कारण समोरचे श्रोते याच शहरातले होते.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या भारतीय घरांत पोहोचल्या आणि परिस्थिती पालटली. संगीताला वाहिलेल्या वाहिन्यांवर गाण्यांच्या चित्रफिती आशियाभर दिसू लागल्या. आता श्रोता अनोळखी होता आणि त्याच्या दृष्टीने 'रॉक मशीन' हे जगातील कोणत्याही शहरातले नाव असू शकत होते. ज्या धाटणीच्या संगीतावरून ते सुचावे, तिचा बहरही तोवर ओसरत चालला होता. १९९३ मध्ये वाद्यवृंदाने 'इंडस क्रीड' हे नवे नाव धारण केले.

मराठी वाचकाला 'क्रीड' म्हटल्यावर 'क्रीडा' आठवेल. पण या दोन शब्दांचा संबंध नाही. 'मी विश्वास ठेवतो' या अर्थाच्या 'क्रेडो' या लॅटिन क्रियापदापासून हा इंग्रजी शब्द आला असून, श्रद्धा किंवा पंथ असा त्याचा अर्थ आहे. 'इंडस' म्हणजे आपली सिंधू. संस्कृत 'सिंधू'चे प्राचीन फारसीत 'हिंदू' झाले, ग्रीकांनी त्याचे 'इंडोस' केले आणि लॅटिनमध्ये ते 'इंडस' झाले. 'इंडिया' हा शब्दही त्याच वाटेने आला.

म्हणजे आपण इथले आहोत, हे जगाला सांगण्यासाठी या कलावंतांनी निवडलेला शब्द मुळात इथलाच, पण परदेशी जिभांवरून फिरून परतलेला होता. मुंबईत वाढून इंग्रजीत गाणाऱ्यांसाठी याहून समर्पक नाव शोधणे कठीण होते. त्यांची गाणीही तशीच होती.

या नावाने १९९५ मध्ये आलेल्या संग्रहातील 'ट्रॅप्ड' हे गाणे गाजले. परंतु त्याच वर्षी अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने देश व्यापला. त्या गाण्याचे शीर्षक इंग्रजी असले, तरी गाणे हिंदी होते. भारतीयत्वाची ओळख नावापेक्षा भाषेतून अधिक वेगाने पोहोचते, हे बाजाराने दाखवून दिले. हिंदी पॉपच्या लाटेत इंग्रजी रॉकला जागा उरली नाही आणि १९९७ मध्ये 'इंडस क्रीड'चा पहिला अध्याय संपला. बेनेगल आणि गांधी यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा नवा प्रयोग केला. शांती हा शब्द यावेळी मात्र कोणत्याही वळणाविना थेट घेतलेला होता.

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया नव्या साथीदारांसह पुन्हा एकत्र आले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह प्रकाशित झाला. पुनरागमनासाठी त्यांनी जुने लोकप्रिय नाव नव्हे, तर 'इंडस क्रीड'च कायम ठेवले. रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांच्या सान्निध्यातील रंगभवन तोवर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे मुके झाले होते. ज्या मंचावर 'रॉक मशीन' घडले, तो मंच उरला नव्हता. आपण कुठले, हे सांगण्याचे काम आता नावालाच करायचे होते.