डेटाबेस माथेरानला तोरणमाळपेक्षा उंच का ठरवतो?

नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११४३ मीटर उंच आहे, तर माथेरान सुमारे ८०० मीटर. तरीही एखादा डेटाबेस माथेरानला वरचा क्रमांक देऊ शकतो. आकडे बरोबर असतात. ते मजकूर म्हणून साठवले की संख्या म्हणून, यावर सगळं अवलंबून असतं.

चिन्ह एक, अर्थ दोन

डेटाबेसमधल्या रकान्याला प्रकार असतो: पूर्णांक, मजकूर, तारीख वगैरे. 'पेक्षा मोठं' (>) हा ऑपरेटर प्रत्येक प्रकारासाठी वेगळं काम करतो. संख्यांची तुलना किमतीवर होते. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी, डावीकडून एकेक अक्षर पाहून होते. ८ हा १ पेक्षा मोठा, म्हणून '८००' हे '११४३' च्या वर जातं.

दोन बाजूंचे प्रकार वेगळे असतील तर?

समजा, 'उंची' रकाना मजकुराचा आहे आणि तुम्ही विचारलं: उंची > १०००. कोणती तुलना करायची, हे आता डेटाबेसला ठरवावं लागतं. प्रत्येकाचा नियम वेगळा:

- मायएसक्यूएल दोन्ही बाजू संख्या मानतो. यादीत फक्त तोरणमाळ येतं.
- एसक्यूलाइट १००० चाच मजकूर करतो. माथेरानही यादीत येतं.
- पोस्टग्रेएसक्यूएल एरर देतो. २००८ मधल्या ८.३ आवृत्तीपूर्वी तो गुपचूप संख्येचा मजकूर करत असे.

मात्र १००० ला अवतरणचिन्हं दिली, की पोस्टग्रेएसक्यूएल समोरचा रकाना पाहून प्रकार ठरवतो. रकाना पूर्णांकाचा असेल तर उत्तर बरोबर. मजकुराचा असेल तर माथेरान पुन्हा यादीत, आणि एररही नाही.

देवनागरी अंकांचा पेच

वरची उदाहरणं डेटाबेसमध्ये इंग्रजी अंकांतच लिहावी लागतात. देवनागरीत भरलेलं '११४३' पोस्टग्रेएसक्यूएल पूर्णांक म्हणून स्वीकारत नाही. मायएसक्यूएल त्याची किंमत शून्य धरतो, म्हणजे तोरणमाळच यादीतून गायब!

मग काय करावं?

उंचीच्या जागी उत्पन्न किंवा गुण असतील, तर अशा यादीतून पात्र माणूस वगळला जाऊ शकतो. म्हणून रकाना बनवतानाच योग्य प्रकार द्या. जुना रकाना मजकुराचा असेल, तर 'कास्ट' वापरून त्याची संख्या करा आणि मगच तुलना करा. हा निर्णय डेटाबेसवर सोडू नका.