वर्गातील हवा

रायपुरातील जुन्या शाळांच्या इमारती बांधणाऱ्यांना येथील हवेची उत्तम जाण होती. उंच कौलारू छत, जाड भिंती, समोरासमोर खिडक्या आणि तापलेली हवा निघून जावी म्हणून वर झरोके. म्यूनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील कार्बन डायऑक्साइड हजारात एका भागाहून अधिक नसावा, असे सांगितले होते. आपल्या गवंड्यांनी तो नियम न वाचताच पाळला.

पुढे उरला व सिलतरा येथे स्पंज आयर्नचे कारखाने उभे राहिले आणि गच्चीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या यादीत रायपूरच्या हवेतील सूक्ष्म धूलिकण दर घनमीटरला १३४ मायक्रोग्रॅम होते; भारतातील वार्षिक मर्यादा ४० ची. वजनाच्या मानाने मुले मोठ्यांहून अधिक हवा आत घेतात, त्यामुळे खिडक्या मिटल्या गेल्या, यात नवल नाही.

परंतु स्लॅबच्या बंद वर्गात पन्नास मुलांचा श्वास कोंडतो, खडूची धूळ तेथेच फिरते, एकाची सर्दी बाकभर पसरते. ओल्या फडक्याने केर काढणे आणि मधल्या सुट्टीत खिडक्या उघडणे, एवढेच शाळेच्या हाती उरते. धुरांड्यांवरील धूळ पकडणारी यंत्रे वीज वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवली जातात, ही सिलतरा परिसराची जुनी तक्रार आहे. आणि शाळा भरते ती सकाळी.