विहीर, घाट आणि रेडिएटर

विट्याकडच्या ज्या मंडळींनी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन पाहिलंय, त्यांना रेडिएटर निम्मा तरी आधीच कळलेला असतो. पंप पाणी ओढायचा, त्यातलीच एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरून कढत बाहेर पडायची. त्या पाण्यावर आम्ही पोरांनी अंघोळी केल्यात, आजीने गोधड्या धुतल्यात. इंजिन गार ठेवायला अख्खी विहीर जोडलेली. मग रेडिएटर हवा कशाला?

मोटारीला विहीर बरोबर घेऊन फिरता येत नाही. चार-पाच लिटर पाणी, तेच तापवायचं, तेच निववायचं, पुन्हा तेच वापरायचं. आमच्या खानापूर तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखात ही काटकसर कुणाला शिकवायला नको. पण मोटारीला ती शिकायला बरीच वर्षं लागली. कार्ल बेंझच्या पहिल्या गाड्यांत पाणी सरळ उकळून वाफ होऊन जायचं. १८८८ साली त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरची वाट, आणि जिथे मिळेल तिथे गाडीला पाणी पाजत जायचं. (माहेरची ओढ. दुसरं काय!)

खरी उडी मारली विल्हेल्म मायबाखने. १९०१ च्या मर्सिडीजसाठी त्याने आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या एकत्र सोल्डर केल्या. दिसायला मधमाशांचं पोळं. नळ्यांतून वारा, त्यांच्यामधल्या फटींतून पाणी. ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला नऊ लिटर पाणी पुरलं. आज उलटी रचना असते, चपट्या नळ्यांतून पाणी आणि त्यांच्यामधल्या पातळ पत्र्याच्या जाळीतून वारा. पण युक्ती तीच: पाण्याला जास्तीत जास्त पातळ पसरवा आणि वाऱ्याला भेटवा. पुढे दाबाचं झाकण आलं. त्याने पाणी शंभराऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं. दाब सुटला की सगळं पाणी एकदम उसळून तोंडावर येतं.

आमच्या पिढीच्या आठवणीतले रेडिएटर म्हणजे फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरचे. तांब्याची जाळी, पितळी नळ्या, वर-खाली पितळी टाक्या. खंबाटकीचा घाट चढताना बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग, आणि प्रत्येक डिकीत पाण्याचा कॅन. हा रेडिएटर जड, पण स्वभावाने सोशिक. गळला तर मिस्त्री सोल्डर करायचा. चोंदला तर टाकी सोडवून नळ्यांतून सळई घालून क्षार काढायचा. त्यात विहिरीचं, ओढ्याचं, बोअरचं, कसलंही पाणी ओता, तो वर्षानुवर्षं तक्रार करायचा नाही.

मग आला अ‍ॅल्युमिनियम. युरोपात १९७० च्या दशकात, आपल्याकडे जरा मागाहून. इथे आमच्या घरात मोठा वाद झाला, कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीचा रेडिएटर गेला आणि आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी विट्याहून मिरजेला न्यावं लागतं. रस्त्यात एप्रिलच्या उन्हात तिला झाडाखाली बसवून गाडी निवायची वाट बघणं शक्य नव्हतं. मामेभाऊ गलाईवाला. विट्याची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात भारतभर पसरलीत, त्यातलाच तो. म्हणाला, "दादा, तांब्याचाच करून घे. उष्णता तांब्यासारखी कोण वाहून नेतं?"

धातूपुरतं त्याचं खरं आहे. तांबं उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस. पण वजनाला तिपटीहून जास्त, आणि महाग. शिवाय रेडिएटर म्हणजे नुसता धातू नव्हे, जोडही त्यातच आला. जुन्यात नळी आणि जाळी यांच्यामध्ये कथील-शिशाचं सोल्डर, आणि तिथे उष्णता अडखळते. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, जाळीला जास्त चिकटतात, भट्टीत सगळं एकजीव होतं. म्हणून धातू कमी सरस असूनही रेडिएटर कमी पडत नाही.

आम्ही अ‍ॅल्युमिनियमचाच घेतला. दुकानात मापं घेऊन गेलो होतो: जाळीची उंची, रुंदी आणि मुख्य म्हणजे जाडी. पेट्रोल की डिझेल, एसी आहे की नाही, नळ्यांची तोंडं कुठल्या बाजूला, झाकणावरचा दाबाचा आकडा, हे सगळं जुन्याशी जुळवलं. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत बहुतेकदा ऑइल कूलर रेडिएटरच्या आतच असतो, तेही बघावं लागतं. एका दुकानात स्वस्त आणि "सेम टु सेम" मिळत होता. जाळी बोटाने चाचपली तर निम्मी पातळ. तो ठेवला तिथेच.

त्याच्याही आधी मिस्त्रीने एक चांगला प्रश्न विचारला होता, गाडी कधी तापते? उभी असताना तापत असेल आणि पळताना निवत असेल, तर आधी पंखा बघायचा. वेगात आणि चढाला तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला असू शकतो. आमची चढाला तापायची. थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप त्याने तरीही तपासले.

या नव्या रेडिएटरला जुन्याचा सोशिकपणा मात्र नाही. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच या बारीक नळ्यांत बसतो, आणि मचूळ पाणी अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडतं. प्लास्टिकची टाकी तडकली तर तिला सोल्डर लागत नाही. "विट्यात कुठं बर्फ पडतंय, कूलंट कशाला?" असं काकांनी विचारलं. काका, बर्फासाठी नव्हे, गंजासाठी. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच कूलंट, आणि ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरनेच. रंग बघून घेऊ नका, रंगाला काही अर्थ नसतो.

आणि हे घरच्यांसाठी: कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. उरलेला डबा मी शेडमध्ये कुलपात ठेवलाय, किल्ली वरच्या खुंटीला आहे. पोरांचा हात तिथे पोचत नाही. तो डबा रिकामा झाला तरी कुणी पाण्यासाठी वापरायचा नाही.