तळटीप : ‘बेळगाव ब्रिगेड’

७. बेळगाव ब्रिगेड : सहाव्या (पुणे) डिव्हिजनमधली १८वी ब्रिगेड. धारवाड जिल्ह्यातल्या उणकलच्या निवेदकांना ती आपल्याच मुलखातल्या पोरांची फौज वाटते. धारवाड-बेळगाव हे मुंबई इलाख्यातले शेजारी जिल्हे, त्यामुळे तसे वाटणे साहजिकच. पण ब्रिगेडचे नाव छावणीवरून पडले, भरतीवरून नव्हे. चार पलटणींपैकी नॉरफोकची गोऱ्यांची; राजपुताना इन्फन्ट्री (१२०वी) आणि राजपूत (७वी) बाहेरच्या. मराठ्यांची एकच, ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. तीतही कोकण-देशावरच्या मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमान होते.

जनरल फ्राय यांच्या हाताखाली ही ब्रिगेड १९१४च्या अखेरीस मेसोपोटेमियात उतरली आणि ९ डिसेंबरला तुर्कांनी कुर्ना तिच्या स्वाधीन केले. पुढच्या नोव्हेंबरात टेसिफॉनहून माघार घ्यावी लागली, आणि मग कूतचा वेढा. तो जवळजवळ पाच महिने चालला. घोड्यांचे मांस खायला पुष्कळ हिंदी शिपायांनी नकार दिला. गावी जातीत परत घेतील का, ही धास्ती त्यामागे होती. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या बांधकामावर त्यांतली हजारो मेली.

११०वी पलटण पुन्हा उभी राहिली. १९२२च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १९४४मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे.