क्युबेकनं पेरलं, डेन्व्हरनं कापलं

माझी नोकरी ताळेबंद तपासण्यात गेली. त्यामुळे टोरांटोत स्थायिक झाल्यावर आइस हॉकीतही मला गोलांपेक्षा खेळाडूंच्या अदलाबदलीची जास्त गोडी लागली. शेवटी राहिलेल्या संघाला नव्या पोरांच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, आधी संधी द्यायची अशी इथली जुनी पद्धत. त्यातूनच संघ नव्यानं बांधायची रीत पडली: नावाजलेले गडी देऊन टाकायचे, कोवळी पोरं आणि पुढच्या निवडींचे हक्क घ्यायचे, आणि काही हंगाम मुकाट्यानं मार खायचा.

क्युबेक नॉर्डिक्सनं तो पोटभर खाल्ला. 1987 मध्ये त्यांनी प्रेक्षकांचा लाडका डेल हंटर वॉशिंग्टनला दिला. बदल्यात आलेल्या हक्कातून, पंधराव्या क्रमांकावर, जो सॅकिक मिळाला. 1989-90 मध्ये 80 सामन्यांत जिंकले फक्त 12. सलग तीन वर्षं पहिली निवड त्यांचीच: मॅट्स सुंडीन, ओवेन नोलन आणि 1991 मध्ये एरिक लिंड्रोस.

लिंड्रोसनं क्युबेकची जर्सी अंगात घालायलाच नकार दिला. वर्षभर अडून बसला. शेवटी जून 1992 मध्ये मालक मार्सेल ओब्यूट यांनी तो विकला, पण एकाच वेळी दोघांना, फिलाडेल्फियाला आणि न्यूयॉर्क रेंजर्सला! (आमच्या धंद्यात याला वेगळं नाव आहे.) लवाद नेमावा लागला. लॅरी बर्टुझी यांनी फिलाडेल्फियाच्या बाजूनं कौल दिला. क्युबेकच्या पदरात पडलं ते असं: पीटर फोर्सबर्ग, माइक रिची, स्टीव्ह ड्युशेन, गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल, केरी हफमन, ख्रिस सायमन, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दीड कोटी डॉलर. आदल्या हंगामात 52 गुण मिळवणारा संघ पुढच्या हंगामात 104 वर गेला. फोर्सबर्ग तर तेव्हा अजून स्वीडनमध्येच खेळत होता.

जमेची बाजू अशी भरत असताना खर्चाची बाजू मात्र हाताबाहेर चालली होती. तिकिटं कॅनडाच्या पडत्या डॉलरमध्ये विकायची आणि पगार अमेरिकी डॉलरमध्ये मोजायचे. शहर लहान, मैदान जुनं. नव्या मैदानासाठी सरकारी मदतीचा प्रश्न सुटला नाही आणि 1995 मध्ये संघ विकला गेला. तो डेन्व्हरला जाऊन कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच झाला.

पुढचं क्युबेककरांच्या जिवाला जास्त लागलं असेल. लिंड्रोसच्या सौद्यातल्या एका निवडीतून आलेला गोलरक्षक जोसलिन थिबो आणि आणखी दोघे देऊन डिसेंबर 1995 मध्ये डेन्व्हरनं मॉन्ट्रियलचा नावाजलेला गोलरक्षक पॅट्रिक रुआ उचलला. संघ क्युबेकमध्येच असता तर मॉन्ट्रियलनं आपला रुआ त्या हाडवैऱ्याला दिला असता, हे मला खरं वाटत नाही. जून 1996 मध्ये अ‍ॅव्हलांचनं लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला. कप उचलणारा कर्णधार होता सॅकिक, हंटरच्या बदल्यात आलेला.

लिंड्रोसला स्टॅनली कप कधीच मिळाला नाही. हॉकीतला इतका फायद्याचा दुसरा सौदा माझ्या माहितीत नाही. पण 1989-90 चा तो 61 पराभवांचा हंगाम तिकीट काढून बघणाऱ्यांच्या खात्यात त्यातलं काहीही जमा झालं नाही. क्युबेकनं 2015 मध्ये अठरा हजारांवर आसनांचं नवं मैदान बांधलं. नॅशनल हॉकी लीगनं त्यांना अजून संघ दिलेला नाही.