यावलचा कागद आणि उमेदवारीचा करार

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले यावल आज केळीच्या बागांसाठी आणि निंबाळकरांच्या जुन्या किल्ल्यासाठी ओळखले जाते. १७८८ साली शिंद्यांनी निंबाळकरांना दिलेले हे गाव एके काळी आणखी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते : जाड देशी कागद आणि नीळ. खानदेशात एरंडोलला आणि घाटापलीकडे जुन्नर, दौलताबाद येथेही हाच कागदाचा धंदा चाले. दप्तरखान्यांतील रुमालांत बांधलेला पुष्कळसा इतिहास अशाच हातकागदावर उतरला आहे.

हा कागद करण्याची रीत सांगायला सोपी, पण हाताला बसायला अवघड. जुने ताग, दोर, गोणपाट यांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, जड लाकडी दांड्याखाली कांडायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे. तो लगदा हौदात कालवून त्यात गवती काड्यांची जाळी बुडवायची आणि एका लयीत वर उचलायची. मग ताव भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. लगदा किती कांडला म्हणजे पुरे, जाळी कोणत्या क्षणी उचलावी, हे शब्दांत सांगता येत नाही. ते उस्तादाच्या शेजारी उभे राहून, शेकडो ताव बिघडवूनच कळते. या शिक्षणालाच आपण उमेदवारी म्हणतो.

परंतु जुन्या उमेदवारीत एक उणीव होती. विद्या बहुधा घराण्यातच राही. मुलगा बापाकडून शिके, पुतण्या काकाकडून. आगगाडी खानदेशात आली, गिरणीचा स्वस्त कागद बाजारात उतरला, आणि पोट भरेनासे झाल्यावर घरातली मुले दुसऱ्या कामाला लागली. बाहेरच्या कोणाला शिकवण्याची सोय नव्हती. त्यामुळे धंद्याबरोबर त्याची विद्याही विरत गेली. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाचे पुनरुज्जीवन हाती घेतले. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा तेथील ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. पुढे १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली. पण तुटलेली परंपरा सांधण्यास संस्था काढावी लागते, यातच उमेदवारीचे मोल दिसून येते.

शिकणाऱ्याला घराण्याबाहेर दार उघडून देण्याचा एक मार्ग म्हणजे लेखी करार. हिंदुस्थानात १८५० साली यासाठी कायदा झाला. अनाथ व गरीब मुलांना, दहा ते अठरा या वयात, जास्तीत जास्त सात वर्षांच्या बोलीने एखाद्या कारागिराकडे ठेवण्याची तरतूद त्यात होती. जवळजवळ त्याच सुमारास, ८ फेब्रुवारी १८५२ रोजी, इटलीतील तुरिन शहरात जुझेप्पे ओदासो नावाच्या मुलासाठी एका सुताराशी करार झाला. मध्यस्थ होते डॉन बॉस्को. दोन वर्षांत सुतारकाम शिकवावे. मुलाला त्या कामाबाहेर राबवू नये. शक्तीबाहेरचे ओझे देऊ नये. चूक झाल्यास शब्दांनी समजवावे. सणावारी मोकळीक द्यावी. रोजी टप्प्याटप्प्याने वाढवावी. मुलानेही आज्ञाधारकपणे, मन लावून काम करावे. शिकाऊ मुलगा म्हणजे फुकटचा नोकर, ही समजूत या कागदाने नाकारली.

आपल्याकडे हा विचार १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने व्यापक झाला. नोंदलेला करार, दरमहा विद्यावेतन, ठरलेले कामाचे तास, अपघात झाल्यास भरपाई या गोष्टी त्यात आल्या. यावलपासून जवळच असलेल्या भुसावळच्या रेल्वे कारखान्यात आणि शेडमध्ये या कायद्याखाली फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन घडत आले आहेत. मात्र कायद्याच्या लेखी उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी होय; मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच, अशी हमी नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले, की इतर बाबी समान असतील तर नोकरभरतीत प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे.

मालकाला यात काय लाभ? उमेदवार पहिल्या काही महिन्यांत माल बिघडवतो, जाणत्या कारागिराचा वेळ खातो. हा खर्च खराच. पण आपल्या यंत्रांची खोड ओळखणारा, आपल्या हाताखाली पारखलेला माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. जो मालक उमेदवाराला केवळ झाडलोट आणि ओझी वाहण्यास लावतो, तो त्या मुलाची वर्षे तर चोरतोच, शिवाय आपल्या कारखान्याचे उद्याचे हातही गमावतो.

म्हणून दहावीनंतर मुलाला वा मुलीला कामावर धाडताना पालकांनी विद्यावेतनाच्या आकड्याआधी तीन प्रश्न विचारावेत : करार नोंदलेला आहे काय? शिकवणारा कोण? मुदतीअखेर परीक्षा व प्रमाणपत्र आहे काय? आणि आपल्यापैकी ज्यांचे स्वतःचे वर्कशॉप आहे, त्यांनी स्वतःला चौथा प्रश्न विचारावा : मला येणारी विद्या माझ्यामागे कोणाच्या हातात राहील? यावलच्या कागदाच्या बाबतीत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.